नणंदेच्या नावाचं रूलिंग

मला माझ्या नणंदेनं मदत केली. हे आधी लिहून टाकते. पहिल्या ओळीत नाही लिहिलं तर पुढे राहून जाईल, कारण तिचा विषय निघाला की माझं मन सरळ चालत नाही. सानगडीतल्या आमच्या शेवटच्या बांधीत आज पाणी उतरतं ते तिच्यामुळे. निकाल न्यायाधीशांनी दिला, वकिलांनी त्यांचं काम केलं, साक्ष मीही दिली. पण ती आली नसती तर ती बांधी एव्हाना ठेकेदाराच्या तारेच्या कुंपणात गेली असती. उपकार तिचे आहेत, आणि मी तिच्यावर जळते. दोन्ही खरं आहे, त्यातलं एक लपवून दुसरं लिहिता येत नाही.

मी इकडची नाही. पंचगंगेच्या काठी, यंत्रमागाच्या गावात वाढले. सातवीत शाळा सुटली आणि आईबरोबर कांड्या भरायला जाऊ लागले. माझा नवरा तिथे मागावर कामाला आला होता. लग्न झालं, मग मागांचा धंदा बसला आणि तो मला घेऊन आपल्या गावी, भंडाऱ्याकडे सानगडीला परतला. आता तो ट्रक चालवतो. घरी कमी, रस्त्यावर जास्त. इथे मी 'कोल्हापूरवाली'. माझं 'व्हय की' ऐकलं की बायका अजून हसतात. काही बोलायच्या आधी मी तोंडातल्या तोंडात एकदा बोलून बघते, चुकत तर नाही ना म्हणून. कोर्टात नेमकं तेच करायचं राहिलं.

इकडच्या धानाच्या शेताला बांधी म्हणतात. चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, आणि मध्ये पाणी साठवायचं. तलावातून पाणी सोडलं की ते पाटानं प्रत्येकाच्या शेतात जात नाही. वरच्याच्या बांधीत भरतं, तिथून खालच्याच्या, तिथून त्याच्या खालच्याच्या. आमची बांधी सगळ्यांत शेवटची. मी लग्न करून आले तेव्हा सासूनं ती माझ्या हातात दिली. म्हणाली, "हे तू पाह्यजो. मायाच्यानं आता होत नाही." परक्या मुलखात माझं म्हणावं असं मला मिळालेलं ते पहिलं काही होतं. तिथे चिखलात उभी राहिले की मला कुणी कोल्हापूरवाली म्हणत नसे.

सासूनं बांधीबरोबर रीतही दिली. धान पोटरीत आलं, कणीस बाहेर पडायला झालं, की शेवटचं पाणी लागतं. ते न मिळालं तर वर्ष गेलं. त्या पाण्याच्या आधी खालच्या घरच्या बाईनं पळसाच्या पानात लाखोळीच्या डाळीचे वडे बांधून वरच्याच्या घरी जायचं आणि म्हणायचं, "पाणी सोडू का जी?" वरच्यानं वडे घ्यायचे आणि म्हणायचं, "पान्याले कोन अडवते? जाऊ द्या." दरवर्षी तोच प्रश्न, तेच उत्तर. वरचा म्हातारा होता तोवर मी एक वर्ष चुकवलं नाही. उलट मला ते आवडायचं. माझ्या हातचे वडे खाऊन म्हातारा म्हणायचा, "परदेसी सुनेच्या हाताले चव हाय." मला ते बक्षीस वाटायचं.

म्हातारा गेला. त्याच्या मुलांनी ती बांधी एका ठेकेदाराला विकली. त्यानं धुरा छातीएवढा उंच केला, आत मासळीसाठी तळं खोदलं आणि आमच्याकडे उतरणारं तोंड सिमेंटनं बंद करून टाकलं. त्या वर्षी धान पोटरीतच वाळलं. पुढच्या वर्षीही तेच. मग त्याचा माणूस दारात आला. "कोरडी बांधी ठेवून काय करता? द्या आमाले." नवरा फोनवर म्हणाला, "देऊन टाकू का?" मी नाही म्हटलं. ती बांधी गेली तर या गावात मी कोण उरते, हे मी त्याला सांगितलं नाही. दावा टाकू, एवढंच म्हणाले.

साकोलीला वकिलांच्या टेबलापाशी मी सासूला घेऊन बसले. वकील हुशार माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि एकदम खूश झाले.

"अहो, यावर तर आपल्या नागपूर हायकोर्टाचं रूलिंग आहे! आपल्याच जिल्ह्यातलं. शहापूरकडची एक बाई. तिच्या वरच्या शेतावर घरांच्या प्लॉटचा लेआउट पडला, मुरूम टाकून पाणी अडवलं. बाई वरपर्यंत लढली. हायकोर्टानं सांगितलं, वर्षानुवर्षं बांधीतून बांधीत पाणी उतरत असेल तर खालच्याचा त्यावर हक्क तयार होतो. आता खालच्या कोर्टांना त्याच वाटेनं जावं लागतं. पुण्याला, औरंगाबादला, कुठंही वकील ते पुस्तक उघडतात." त्यांनी छापील पान काढून माझ्यासमोर ठेवलं. वर इंग्रजीत नाव होतं.

सासूला इंग्रजी येत नाही, पण शहापूर म्हटल्यावर ती ताठ बसली. "मायी पोरगी होय ते!"

वकील उठून उभे राहिले. खरोखर उठून उभे राहिले. माझ्यासाठी कधी कुणी उठलं नव्हतं, आणि त्या दिवशीही ते माझ्यासाठी उठले नव्हते.

नणंद माझ्याहून बरीच मोठी. बारावी शिकलेली, जिभेची तिखट. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवते आणि बोलताना तो हातात धरून समोरच्याच्या दिशेनं हलवते. तिच्या सासरी पूर्वी लोक तिला भांडखोर म्हणायचे. निकाल लागल्यावर तेच लोक तिला 'मॅडम' म्हणू लागले. लोक आपलं नाव नातवाला देतात, घरावरच्या पाटीवर लावतात. हिचं नाव कायद्याच्या पुस्तकात गेलं. माझा नवरा ट्रकवरच्या दुसऱ्या ड्रायव्हरांनासुद्धा बहिणीच्या केसची गोष्ट सांगतो. मी दोन वर्षं वाळलेल्या धानाकडे बघत काढली, त्याची गोष्ट कुणाला सांगण्यासारखी नव्हती. आणि आता मी जिंकणार होते तेही तिच्या पानावर. वकील म्हणाले, "आपण फक्त हे जोडायचं." फक्त. म्हणजे मी काहीच करायचं नव्हतं. ती लढली होती, मी जोडणार होते.

परत येताना बसमध्ये सासू शेजारणीला सगळं रंगवून सांगत होती. मी खिडकीबाहेर बघत बसले.

साक्षीचा दिवस आला. शेत मी करते, म्हणून साक्ष माझी. ठेकेदाराचे वकील वयस्कर, गोड बोलणारे. माझी भीती बघून त्यांनी आवाज आणखी हळू केला.

"बाई, घाबरू नका. पाणी घ्यायच्या आधी तुम्ही वरच्या घरी जात होता म्हणे?"

"व्हय."

"कशासाठी?"

"विचारायला. पाणी सोडू का, म्हणून."

"एखाद्या वर्षी?"

"छे, दरवर्षी. वडे घेऊन." हे मी अभिमानानं सांगितलं. मला वाटलं, न्यायाधीशांना कळेल की आम्ही रीतभातीची माणसं आहोत, दांडगाईनं पाणी घेणारी नव्हेत.

"म्हणजे परवानगी मागून घ्यायचात."

"व्हय की. न विचारता कसं घेणार दुसऱ्याच्या बांधीतनं?"

त्यांनी मान लववून माझे आभार मानले आणि खाली बसले. आमच्या वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. काहीतरी बिघडलं हे मला त्या चष्म्यावरून कळलं.

बाहेर चहाच्या टपरीवर त्यांनी समजावलं. रागावले नाहीत, त्यामुळे आणखी वाईट वाटलं. "वरच्या कोर्टाचं रूलिंग म्हणजे आयता शिक्का नाही. दोन्ही केसची हकीकत जुळावी लागते. हायकोर्टानं तुमच्या नणंदेला हक्क दिला तो कशावर? तर त्या बाईनं कधी कुणाची परवानगी मागितली नाही, पाणी हक्कानं नेलं. तसं पानावर लिहिलंय. आणि तुम्ही दरवर्षी मागायला गेलात. मागून घेतलेली वस्तू मेहेरबानीची होते. मेहेरबानी ज्याची, तो उद्या बंद करू शकतो. आता ते म्हणणार, हा दाखला इथं लागूच होत नाही."

नणंदेचं वागणं मी किती वर्षं ऐकत आले होते. ही कुणाला विचारत नाही, कुणाला जुमानत नाही, हिच्या तोंडाला लागू नये. आणि मी? मी नमस्कार करते, डोक्यावर पदर घेते, वडे नेते. आता तिचा उद्धटपणा कायदा झाला होता आणि माझी अदब माझ्याच विरुद्ध पुरावा. माझ्यावर रागावायचं सोडून मी तिच्यावरच रागावले. ती जरा वाकून वागली असती तर रूलिंग माझ्यासारख्यांच्या उपयोगाचं निघालं नसतं का? हा विचार वेडा होता. ती वाकली असती तर रूलिंगच निघालं नसतं. पण हेवा असा कुठे थांबून हिशोब करतो.

मी तिला फोन केला नाही. सासूनं केला. पुढच्याच बाजाराच्या दिवशी ती पिशवी घेऊन दारात हजर. चप्पल काढता काढताच सुरू झाली.

"काय वं, कोर्टात जाऊन वडे वाढून आली म्हनते!"

मी पाणी दिलं. म्हटलं, "मला काय ठाऊक, ताई. तुमच्या आईनंच शिकवलं जायला."

"हाव, तिले दोष दे आता." सासू ओट्यावरून म्हणाली, "मीच बह्याड, येडी, अखीन काय." दोघी मायलेकी हसल्या. मी हसले नाही.

नणंदेनं पिशवी खाली ठेवली. मग चष्मा हातात घेतला. "मी देतो साक्ष."

इकडे बायकाही कधी कधी 'देतो, जातो' म्हणतात, त्याची मला सवय झाली आहे. पण ती काय म्हणाली ते कळायला वेळ लागला.

"तुम्ही कशावर साक्ष देणार? तुम्ही तर विचारतच नाही कुणाला."

"सासरी नाही इचारत. इथं इचारो ना. हे मायं माहेर नाही का? तू यायच्या आधी वडे कोन नेत होतं? मीच." आणि मग थोड्या खालच्या आवाजात, "मायावाला वकील म्हनते नोको जाऊ. तो लेआउटवाला अजून टपून हाय. उद्या तो म्हनंल, तू एकीकडं म्हनते इचारलं नाही, दुसरीकडं म्हनते इचारलं, तुई गोठ कोन खरी मानंल?"

"मग नका देऊ," मी म्हटलं. मनापासून म्हटलं, पण भलत्याच कारणानं. ती साक्ष देणार, लोक तिलाच बघायला जमणार, आणि बांधी वाचली तर तीही तिच्याच नावावर वाचणार. हे मला आधीच दिसत होतं.

"तुले कोन इचारलं?" ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

झालंही तसंच. कोर्टात ती आली तेव्हा तरुण वकील तिला बघायला दाराशी उभे होते. एकीनं तिला खुर्ची दिली. मी भिंतीला टेकून उभी होते. ती पिंजऱ्यात गेली आणि तिनं सांगितलं की लहानपणापासून आईनं बांधलेले वडे घेऊन वरच्याच्या घरी ती जायची.

ठेकेदाराचे वकील या वेळी गोड बोलले नाहीत. "बाई, तुमच्या स्वतःच्या केसमध्ये तुम्ही शपथेवर सांगितलंत, पाण्यासाठी मी कधी कुणाला विचारलं नाही."

"सांगतलं."

"आणि आज शपथेवर सांगता, विचारायला जात होते."

"ते सासर, हे माहेर. तिकडं अशी रीत नाही, इथं हाय."

"म्हणजे इथं परवानगी लागायची."

"साहेब, घरून निंगतानी तुमी बायकोले 'येतो' म्हनता का नाही? तिनं 'नोका जाऊ' म्हनलं तं तारीख सोडता का?"

सगळे हसले. न्यायाधीशांनी हसू आवरून सांगितलं, मुद्द्याचं बोला. मीही हसले असते, पण माझ्या मनात आलं, हे मला का नाही सुचलं? मला ते 'व्हय की' कशाला सुचलं?

मग तिनं मुद्द्याचं सांगितलं. एक वर्ष त्या म्हाताऱ्याचं आणि तिच्या वडिलांचं भांडण चालू होतं. बोलणं बंद. तरी आईनं तिला वडे देऊन धाडलं. म्हाताऱ्यानं तिला दारात बघितलं, शिवी दिली, नाही म्हणाला आणि दार लावून घेतलं. "मी रडत उभी राह्यली तेच्या दारात. लोक पाहून राह्यले, मी रडून राह्यली. वडे कुत्र्यानं खाल्ले." तिचा आवाज तेवढ्यापुरता पातळ झाला. "अन् पानी तरी आलं. त्यानंच धुरा फोडून सोडलं. नाही म्हनून बी सोडलं. इचारनं त आमची रीत. पानी तेच्या हातचं नव्हतंच."

कोर्टात कुणी हसलं नाही. जी बाई कधी वाकली नाही, कुणाच्या दारात गेली नाही, असं वरच्या कोर्टानं लिहून ठेवलं होतं, ती दारात उभी राहून रडल्याचं स्वतः लिहून देत होती. टायपिस्ट टाइप करत होता. तिचा नवरा, तिची मुलं, कुणालाच हे माहीत नव्हतं, असं सासू नंतर म्हणाली. सासूलाही तिनं तेव्हा सांगितलं नव्हतं. घरी येऊन म्हणाली होती, बुढ्यानं वडे घेतले.

त्या क्षणी मला तिचा अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही. पण त्याच्या मागोमाग ते दुसरंही आलंच: हिचं रडणंसुद्धा माझ्या सगळ्या वड्यांपेक्षा कामाचं निघालं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. आमच्या वकिलांनी तो मराठीत सांगितला. कोर्टानं म्हटलं की दोन्ही खटल्यांत फरक आहे हे खरं, पण मूळ एकच आहे. नकार मिळूनही पाणी उतरलं, म्हणजे विचारणं ही शेजारधर्माची रीत होती, परवानगी नव्हती. म्हणून हायकोर्टाचा तो दाखला इथेही लागू होतो. ठेकेदारानं तोंड मोकळं करावं. त्यानं कुरकुर करत केलं. त्या हंगामात धान पोटरीत आलं तेव्हा मी धुऱ्यावर बसून पाणी उतरताना बघितलं. बांधी भरायला वेळ लागतो. मी घरी गेलेच नाही, सासूनं डबा तिकडेच आणला.

मी वकिलांना विचारलं होतं, आता आमचंही रूलिंग पुस्तकात येणार का? ते हसले. "नाही बाई. खालच्या कोर्टाचा निकाल दुसऱ्या कुणाला बांधत नाही. तुमचा निकाल तुमच्या बांधीपुरता." म्हणजे तिचं नाव राज्यभर फिरणार आणि माझं कपाटात. आणि फिरतंच आहे. बाजारात एकदा शहापूरकडची एक बाई भेटली. ती म्हणाली, "आमच्याकडं आता कोनी कोनाले इचारत नाही. ना पानी, ना वाट. इचारलं का हक्क गेला, वकील सांगते." एका बाईच्या निकालानं तिकडच्या माणसांचं एकमेकांच्या दारात जाणं बंद झालं, हे ऐकून मी नणंदेला टोमणा मारायचा ठरवला होता. मारला नाही. कारण तोवर दुसरी बातमी आली होती.

लेआउटवाल्यानं आता तिच्या बैलगाडीची वाट अडवली आहे. तिनं पुन्हा दावा टाकला. आणि त्याच्या वकिलानं साकोलीच्या कोर्टात अर्ज करून आमच्या खटल्यातल्या तिच्या साक्षीची नक्कल घेतली. आमच्या वकिलांनीच मला सांगितलं. तिच्या वकिलानं जे भाकीत केलं होतं तेच. ते म्हणणार, ही बाई मागून घेणाऱ्या घरची आहे, वाटही मागूनच वापरली असेल, हिच्या शपथेचा भरवसा काय? माझ्या बांधीत पाणी यावं म्हणून तिनं जे सांगितलं ते तिच्या वाटेत धोंड म्हणून पडलं आहे. तिला हे आधीच ठाऊक होतं. फोनवर मी रडवेली झाले तर म्हणाली, "रडू नोको. एका घरी एक रडनारी पुरे."

त्या वाटेनं मी रोवणीच्या दिवसांत तिच्यासोबत गेले आहे. गाडी, रोपांच्या पेंढ्या, आम्ही दोघी. एकदा नव्हे, मजूर मिळेनासे झाले की ती मला बोलावते आणि मी कुरकुरत जाते. लेआउटचा मालक तेव्हा तिथे खुर्ची टाकून बसलेला असायचा. ती त्याच्यासमोरून गाडी न्यायची, त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही, विचारणं तर लांबच. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि तिच्या घरच्यांखेरीज हे पाहिलेली मीच आहे.

साक्षीदारांची वेळ अजून यायची आहे. ती मला बोलावणार नाही. मागायचं तिच्या अंगात नाही, आणि माझी कोर्टातली फजितीही तिला ठाऊक आहे. मी न बोलावता जाईन. भंडाऱ्याला जावं लागलं तर तिथे, पुढे नागपूरला वकिलाकडे जावं लागलं तर तिथेही. प्रश्न पुरता ऐकेन, एकदा तोंडातल्या तोंडात बोलून बघेन आणि मगच उत्तर देईन. हेवा तोवर जाईल असं वाटत नाही. माझ्याबरोबर तोही बसमध्ये चढेल. चढू दे. ताई, तुमचं हे देणं मी फेडणार, तुमच्या वाटेवरून तुमची गाडी जाईपर्यंत उभी राहून फेडणार.